डोळे मिटलेल्या गोलकीपरचा भाव

आमच्या ह्यांना चार हजार कार्डांचे भाव तोंडपाठ होते आणि बटाट्याचा एकही नाही. भाजीवाली सांगेल तेवढे द्यायचे आणि वर तिलाच थँक्यू म्हणायचे. "अहो, जरा घासाघीस करावी माणसाने," मी म्हणायची. त्यावर ठरलेलं उत्तर, "तिचा माल, तिला माहीत." दुकानात मात्र एखादं गिऱ्हाईक कार्डाचा भाव इकडचा तिकडे बोललं, की ह्यांच्या कपाळाला आठी पडायची. बाजारात त्यांना सगळे भावमास्तर म्हणायचे. घरात मी काय म्हणायची ते इथे नको.

ही कार्डं म्हणजे खेळाडूंची. पत्त्याएवढा जाड कागद, पुढे फोटो, मागे त्याने किती सामने खेळले नि किती गोल मारले ते. एके काळी च्युइंगगमच्या पाकिटातून एकेक निघायचं. पोरं जमवायची आणि आया केरात टाकायच्या. आयांनी टाकली म्हणूनच उरलेल्यांना किंमत आली, असं हे म्हणायचे. म्हणजे सगळा धंदा आम्हा बायकांच्या जिवावर उभा, आणि नाव मात्र खेळाडूंचं.

दुकान जिन्याखालचं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. काचेचं काउंटर, हवा तसा वाकवता येणारा दिवा, एक भिंग आणि मागे बुटांच्या खोक्यांची चळत. कार्ड हातात घेण्याआधी हे साबणाने हात धुवायचे, पुसायचे, वाळू द्यायचे. मग नुसत्या कडांना धरून कार्ड दिव्याखाली तिरकं करायचे. चारी कोपरे टोकदार आहेत का, फोटो मधोमध बसलाय का, चकाकी कुठे खरवडली आहे का. एक कोपरा बोथट निघाला की भाव थेट तिसऱ्या हिश्श्यावर. घरात चार वेळा ओरडल्याशिवाय जेवायच्या आधी हात न धुणारा माणूस, पण कार्डासाठी बघावं तर काय सोवळं!

तरी त्यांचं नाव झालं ते दुकानामुळे नाही, पुस्तकामुळे. कार्डांच्या भावांचं एक पुस्तक दरवर्षी निघायचं. छापायचे छापखान्याचे मालक, आणि भाव जमवायचे आमचे हे. ठिकठिकाणच्या तीस दुकानांना कोऱ्या चिठ्ठ्या जायच्या, की वर्षभरात कुठलं कार्ड कितीला विकलंत ते भरून पाठवा. त्यांची सरासरी काढून हे वहीत लिहायचे, आणि शेजारच्या रकान्यात ज्या दुकानांनी भाव कळवला त्यांचे नंबर. ऐकायला किती चोख! प्रत्यक्षात तिसांतल्या बारा चिठ्ठ्या वेळेवर आल्या तर नशीब. ज्याच्याकडे ज्या कार्डाचा ढीग पडलाय तो त्याचा भाव चढवून लिहायचा. ज्याला जे स्वस्तात उचलायचंय तो पाडून लिहायचा. एक महाभाग तर विकल्याचा भाव न लिहिता, विकावंसं वाटतं तो लिहायचा. ह्यांना सगळं कळायचं. कुणाचं किती कापायचं आणि कुणाचं किती खरं धरायचं याचा अंदाज त्यांना बसला होता, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असायचा.

पण जे कार्ड वर्षभरात कुणीच विकलं नाही त्याचं काय? मालकांचा नियम होता की भावाची जागा रिकामी ठेवायची नाही. गेल्या वर्षीच्या भावात दहावा हिस्सा वाढवा आणि पुढे चला. "महागाई काय थांबते का?" मालक म्हणायचे. म्हणजे गंमत बघा. ज्या कार्डाला कुणी हात लावत नव्हतं, त्याचाच भाव दरवर्षी न चुकता चढत होता.

असाच एक गोलकीपर होता. फोटो काढताना पठ्ठ्याने नेमके डोळे मिटले आणि कार्डं तशीच छापली गेली. चूक लक्षात आल्यावर छपाई थांबवून उघड्या डोळ्यांचा फोटो लावला. त्यामुळे डोळे मिटलेली कार्डं थोडीच बाहेर पडली. खेळाडू म्हणून तो बेताचाच. डोळे मिटले काय नि उघडले काय, गोल व्हायचे ते होतच होते. पण थोडीच आहेत म्हटलं की माणसांच्या अंगात येतं. एकोणीस वर्षांपूर्वी पुस्तकात त्याच्यापुढे एक आकडा पडला आणि तो फुगत गेला. नोटांमध्ये मी सांगणार नाही, मी माझ्या मापाने सांगते. पहिल्या वर्षी तो आकडा तेव्हाच्या एका शिलाई मशिनाच्या किमतीएवढा होता. आठ वर्षांत दोन मशिनांच्या वर गेला. यंदाच्या पुस्तकात सहा मशिनं.

आता ताईंचं सांगते. ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझ्या नणंदबाई. त्या एका लाँड्रीत इस्त्री करतात, तीस वर्षं, उभ्याने. त्यांचे यजमान टपाल वाटायचे, त्यांना आम्ही दोघंही भावोजी म्हणायचो. आयुष्यभर लोकांची पाकिटं पोचवली आणि स्वतःचं एकच जपलं. त्यात डोळे मिटलेला गोलकीपर, लहानपणी च्युइंगगममधून निघालेला, चारी कोपरे सुईसारखे. दरवर्षी पुस्तक निघालं की भावोजी दुकानात हजर. मेव्हण्याकडून फुकट घ्यायचे नाहीत. "तुझे कष्ट आहेत त्यात," असं म्हणून रोख पैसे ठेवायचे. मग काउंटरवरच ते पान काढायचं, आकड्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची आणि खूश होऊन घरी जायचं. म्हातारपणाची सोय म्हणायचे त्याला.

अकरा वर्षांपूर्वी ते विकायला निघाले होते. एक फिरता खरेदीदार आला होता, दीड मशीन रोख मोजायला तयार. भावोजी विचारायला दुकानात आले. मी डबा घेऊन गेले होते, तिथेच होते. ह्यांनी पुस्तक उघडलं आणि ओळीवर बोट ठेवलं. "भावोजी, पुस्तकात दोनच्या वर आहे. दीडला कशाला देता? पुस्तकाच्या खाली विकू नका." भावोजींनी पाकीट परत खिशात घातलं. घरचाच माणूस पुस्तक लिहितोय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारणार?

दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला त्रास न देता.

यंदा एका रविवारी दुपारी ताई आमच्याकडे आल्या त्या मोठी कापडी पिशवी घेऊन. पिशवीतून एकेक करत वीस पुस्तकं काढली आणि टेबलावर रचली. प्रत्येकात त्या पानावर कागदाचा तुकडा घातलेला, प्रत्येकात पेन्सिलीची खूण, शेवटच्या दोन ताईंच्या हातच्या.

"आमच्या ह्यांनी एक वर्ष चुकवलं नाही बघ," त्या भावाला म्हणाल्या. "आता विकायचं. तू फक्त गिऱ्हाईक बघ."

"एवढी घाई काय आहे, ताई?"

"गुडघे गेले रे माझे. आमच्या इमारतीत खालची खोली विकायला निघालीय, रस्त्याकडे खिडकी असलेली. तिथे बसून कपडे घेईन-देईन, इस्त्रीला एखादी बाई ठेवीन. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. इसार मागतोय तो नेमका पुस्तकातल्या आकड्याएवढा. बाकीचं माझ्याकडे साठलेलं आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "लाँड्रीवाला माझ्या पायांकडे बघायला लागलाय. उभं राहता येईनासं झालं की घरी बसवेल."

हे म्हणाले, "बघतो." ताई गेल्या तेव्हा जिना एकेक पायरी करत उतरल्या. मी वरून बघत होते.

गिऱ्हाईक शोधायची वेळच आली नाही. एक तरुण दातांचा डॉक्टर ती सगळी मालिका जमवत होता आणि त्याला फक्त हेच कार्ड कमी होतं. पुस्तक वाचूनच त्याने निरोप धाडला होता, की पुस्तकातला भाव द्यायला तयार आहे. शनिवार सकाळ ठरली. मी मनात म्हटलं, चला, भावोजींची सोय ताईंच्या कामी आली.

आमच्या ह्यांना मात्र सगळं चोख लागतं. डॉक्टर एवढे पैसे मोजणार, तर ह्याआधीची विक्री कुठल्या दुकानात झाली ते त्याला दाखवावं, म्हणून गुरुवारी जुन्या वह्या खाली काढल्या. मी मदतीला बसले. यंदाच्या वहीत दहावा हिस्सा वाढवलेला. त्याच्या आधीच्या वर्षी दहावा हिस्सा. त्याच्याही आधी तेच. वह्या मागे मागे जात राहिल्या आणि ह्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी एकोणीस वर्षांपूर्वीची वही निघाली. गोलकीपरच्या ओळीत आकडा होता. शेजारी दुकानाच्या नंबराचा रकाना कोरा होता.

"अगं, इथे नंबर कसा नाही?" ते म्हणाले. "कुणीतरी कळवलं असणारच ना? त्याशिवाय मी कसा लिहीन?"

मी वहीत पाहिलं. मला सगळं आठवलं.

त्या दिवशी छापखान्याचा माणूस दारात वही न्यायला बसला होता आणि सारखा घड्याळ बघत होता. ह्यांनी आतून विचारलं होतं, "अगं, एका कार्डाचं अडलंय. चिठ्ठीच नाही कुणाची. थोडी छापली गेलीत, म्हणजे महाग असणार. किती लिहू?" माझ्या हातात शिलाई मशिनाच्या जाहिरातीचा कागद होता. चार दिवस मी तो ह्यांच्या नाकासमोर नाचवत होते आणि ह्यांचं लक्ष कार्डांतून निघत नव्हतं. मी चिडून म्हटलं, "ह्याची किंमत लिहा, म्हणजे एकदा तरी ती तुमच्या नजरेखालून जाईल!" आणि आकडा वाचून दाखवला. ह्यांनी तो लिहिला. "खरा भाव कळला की बदलू," म्हणाले. पुढच्या महिन्यात मशीन घरात आलं, मी खूश झाले, आणि भाव बदलायचा राहिला तो राहिलाच.

"अहो, तो आकडा मी सांगितला होता," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "आणि मी भावोजींना सांगितलं, पुस्तकाच्या खाली विकू नका."

"झालं ते झालं," मी म्हटलं. "आता ऐका माझं. डॉक्टर आपण होऊन द्यायला तयार आहे ना? त्याच्याकडे रग्गड आहे. चार दाढा जास्त उपटेल. ताईंना त्याच पैशांवर उभं राहायचंय. तुम्ही तोंडातून ब्र काढायचा नाही."

ते उठले आणि हात धुवायला गेले. समोर एकही कार्ड नव्हतं.

शनिवारी दुकानात ताई स्टुलावर बसल्या होत्या, चांगले कपडे घालून. हे काउंटरच्या मागे. डॉक्टरने कार्ड भिंगाखाली पाहिलं, एकदा सरळ, एकदा तिरकं, आणि खुलला. "काका, एक नंबर आहे!" खिशातून जाड पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. मी तेवढ्यात चहाचे कप घेऊन दारात पोचले, आत जागा नाही म्हणून बाहेरच उभी.

"पुस्तक तुम्हीच करता, म्हणून एकच विचारतो," डॉक्टर म्हणाला. "हा भाव ह्याआधी कुणी दिलाय?"

एका दुकानाचा नंबर फेकला असता तर काम झालं असतं. तीस होते, कुठलाही चालला असता. ताई ह्यांच्याकडे बघत होत्या, जशी मोठी बहीण बघते तशा, विश्वासाने.

"कुणीच नाही," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"एकदाही विकलं गेलेलं नाही. पहिला आकडा मी अंदाजाने लिहिला. पुढे दरवर्षी दहावा हिस्सा चढवत गेलो. मीच."

त्या 'मीच'च्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी? वाण्याशी, दूधवाल्याशी, कुणाशीही भांडायला पुढे असणारी मी! दातांचा डॉक्टर समोर असून माझी दातखिळी बसली. कपांवर साय धरली तरी मी हातातला ट्रे खाली ठेवला नाही.

डॉक्टरने पाकीट परत खिशात घातलं. "विचार करून कळवतो," म्हणाला आणि माझ्या बाजूने अंग चोरून निघून गेला. भला माणूस होता, ओशाळल्यासारखा झाला होता.

ताईंनी कार्ड रुमालात गुंडाळलं. सावकाश उठल्या.

"परक्या माणसाला खरं सांगायला तुला एक मिनिट लागलं रे," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या ह्यांना सांगायला नऊ वर्षं पुरली नाहीत?"

"ताई, मला तेव्हा आठवतच नव्हतं..."

"तूच लिहिलेलं?"

ताई गेल्या. खोली महिनाअखेरीला मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने घेतली. वीस पुस्तकं आमच्याकडेच राहिली, त्या न्यायला आल्या नाहीत.

पुढच्या वर्षीच्या पुस्तकाची वही ह्यांनी वेगळीच केली. ज्या कार्डाची विक्री झाल्याचं कुणी कळवलं नव्हतं, त्याच्यापुढे आकडा न लिहिता आडवी रेघ मारली. चार हजारांपैकी सव्वीसशे रेघा निघाल्या. छापखान्याच्या मालकांनी पानं चाळली आणि म्हणाले, "भावमास्तर, रेघांचं पुस्तक कोण विकत घेणार हो?" ह्यांनी एकही रेघ खोडायला नकार दिला. मालकांनी ते काम दुसऱ्या कुणाला तरी दिलं. पुस्तक निघालं, गोलकीपरचा भाव त्यात आणखी दहाव्या हिश्श्याने चढलेला. ह्यांना वाईट वाटलं, फार वाटलं. नवं पुस्तक आणलं, ते पान पाहिलं, मिटलं आणि त्या विसांच्या वर ठेवून दिलं.

तीन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा आला. म्हणाला, खरा भाव जो असेल तो सांगा. हे म्हणाले, "ते मला माहीत नाही. तुम्ही काय द्याल आणि ताई कितीला देईल, तोच भाव." पाव मशिनावर सौदा झाला. हे पैसे घेऊन स्वतः ताईंकडे गेले. त्यांनी दारातच घेतले, आत ये म्हटलं नाही. त्या पैशांतून ताईंनी एक उंच स्टूल घेतलं, पाठ टेकता येईल असं. आता लाँड्रीत त्यावर बसून इस्त्री करतात. मालकाने अजून तरी हरकत घेतलेली नाही.

आमचे कपडे तीस वर्षं ताईंकडेच इस्त्रीला. घरचे म्हणून दुसऱ्यांच्या गठ्ठ्यांमध्ये सरकवून द्यायच्या, कधी पैसे घेतले नाहीत. ह्या सगळ्या प्रकारानंतर माझं जायला मन होईना. शेवटी गेल्या मंगळवारी तीन शर्ट आणि दोन चादरी घेऊन गेले. ताई स्टुलावर होत्या. मला बघून चक्क हसल्या.

"ये गं. किती दिवसांनी! तुझ्यावर माझा राग नाही हो. ह्यात तुझा काय संबंध? त्याच्या जागी तू असतीस ना, तर आमच्या ह्यांना तेव्हाच खडाखडा सांगून मोकळी झाली असतीस. तुझ्या पोटात काही राहत नाही."

झालं. एवढं ऐकल्यावर मला राहवेना.

"ताई," मी म्हटलं, "तो पहिला आकडा माझा होता. ह्यांनी विचारलं आणि मी चिडून शिलाई मशिनाची किंमत सांगितली. त्या दिवशी दुकानात मी दारातच होते. ह्यांनी स्वतःवर घेतलं आणि मी गप्प बसले."

ताईंचा हात थांबला नाही. शर्टाची बाही झाली, कॉलर झाली, पाठ झाली. एक शर्ट, दुसरा, तिसरा. मग चादरी, चौपदरी घडी, कडेला कड जुळवून. मी उभी होते. बसायला सांगायला तिथे दुसरं स्टूल नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी सांगितलं असतं असं नाही.

गठ्ठा बांधून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मग मान वर करून भिंतीवरचा दराचा तक्ता वाचला, जसा एखाद्या अनोळखी बाईसाठी वाचावा तसा, आणि म्हणाल्या, "तीन शर्ट, दोन चादरी," आणि आकडा सांगितला.

तीस वर्षांत पहिल्यांदाच. मी पर्स उघडली आणि सांगितले तेवढे दिले. घासाघीस केली नाही.